पर्यटनाचे विद्यापीठीय शिक्षण : कोणासाठी?

[कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर]



पर्यटन हा शब्द कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात उच्चारला की पहिली प्रतिक्रिया बहुधा उपेक्षेची असते. दुष्काळ, बेकारी, शेतमालाचा भाव, असंघटित कामगारांचे वेतन हे जिव्हाळ्याचे प्रश्न सोडून हौशी प्रवाशांच्या सुखसोयींची चर्चा समाजवाद्यांनी कशासाठी करावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पर्यटनाचे विद्यापीठीय शिक्षण हा विषय तर त्याहूनही दूरचा भासतो. परंतु ही उपेक्षा आपल्याला महाग पडली आहे. चळवळीने ज्या क्षेत्राकडे पाठ फिरवली ते क्षेत्र रिकामे राहिले नाही. हॉटेलांचे मालक, जमिनीचे दलाल आणि प्रवासी कंपन्या यांनी ते व्यापले, आणि त्या क्षेत्रातील शिक्षण कसे असावे हेही बव्हंशी तेच ठरवू लागले.

या क्षेत्राचा आकार आधी ध्यानात घेतला पाहिजे. १९५१ साली भारतात आलेल्या परदेशी पर्यटकांची संख्या सुमारे १७ हजार होती. २०१९ साली ती १ कोटी ९ लाखांवर गेली. त्याच २०१९ साली देशातल्या देशात झालेल्या पर्यटकांच्या भेटींची सरकारी नोंद २३२ कोटींच्या घरात आहे. पुढे २०२० साली महामारी आली, टाळेबंदी झाली आणि हे सारे चक्र थांबले. केंद्र सरकारने संसदेपुढे ठेवलेला अंदाज असा की, २०२०-२१ या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत पर्यटनातील १ कोटी ४५ लाख रोजगार बुडाले, दुसऱ्या तिमाहीत ५२ लाख आणि तिसऱ्या तिमाहीत १८ लाख.

१९८२ च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते आणि त्या संपाने महाराष्ट्राचे समाजजीवन ढवळून निघाले. येथे त्याच्या कितीतरी पट माणसांची रोजी गेली. परंतु त्यांचा आक्रोश सार्वजनिक जीवनात फारसा ऐकूही आला नाही. याचे कारण उघड आहे. होडीवाला, भाड्याच्या गाडीचा चालक, किल्ल्यावरचा वाटाड्या, लॉजमध्ये चादरी बदलणारी बाई, समुद्रकिनाऱ्यावर शहाळी विकणारा मुलगा ही सारी एकाच उद्योगातील श्रमिक आहेत, ही जाणीव त्यांना नाही आणि समाजालाही नाही. त्यांची नावे हजेरीपटावर नसतात. त्यांच्या मजुरीची, कर्जाची, आजारपणाची मोजदाद झालेली नसते. ही मोजदाद करणे, हे संबंध उलगडून दाखवणे, हे खरे तर ज्ञानसंस्थांचे काम. ते काम आपल्या विद्यापीठांनी अंगावर घेतले का, आणि घेतले नसेल तर का नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या विद्येचा उगम

पर्यटन हा विद्यापीठात शिकण्याचा विषयच नव्हे, ते फार तर आदरातिथ्याचे कसब आहे, असे मानणारे विद्वान पुष्कळ आहेत. इतिहास मात्र निराळे सांगतो. युरोपात दुसरे महायुद्ध पेटलेले असताना १९४१ साली स्वित्झर्लंडमधील बर्न आणि सेंट गालेन येथे पर्यटनाच्या अभ्यासासाठी संशोधनसंस्था स्थापन झाल्या. कुर्ट क्राफ आणि वाल्टर हुंझिकर हे त्या दोन संस्थांचे धुरीण. १९४२ साली त्यांनी मिळून लिहिलेला ग्रंथ या विद्येचा पाया मानला जातो. बाहेरची माणसे एखाद्या ठिकाणी येतात, मुक्काम करतात आणि जातात, तेव्हा जे जे संबंध निर्माण होतात त्या सर्वांचा अभ्यास म्हणजे पर्यटनशास्त्र, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी 'संबंध' हा शब्द मध्यभागी ठेवला होता, हे विसरता कामा नये. संबंध म्हटला की दोन पक्ष आले, देवघेव आली, आणि ती देवघेव न्यायाची आहे की अन्यायाची, हा प्रश्नही आला.

याच हुंझिकर यांचा १९३९ साली स्थापन झालेल्या 'रेका' या स्विस प्रवासनिधीच्या उभारणीत हात होता. कामगार संघटना, मालकवर्ग आणि प्रवासव्यवसाय यांनी मिळून उभारलेली ही सहकारी संस्था. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाने सवलतीच्या दरात तिकिटे घेऊन थोडी थोडी बचत करावी आणि वर्षातून एकदा सुटीला जावे, अशी तिची योजना. म्हणजे ज्यांनी ही विद्या विद्यापीठात आणली त्यांच्यासमोर कामगाराच्या सुटीचा प्रश्न उभा होता.

तो प्रश्न त्या काळात हवेतच होता. १९३६ साली फ्रान्समध्ये लोकआघाडीचे सरकार आले. लेआँ ब्लूम त्याचे पंतप्रधान होते. देशभर संप आणि कारखान्यांचे ताबे चालू असताना त्या सरकारने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला. लेओ लाग्रांज या तरुण समाजवादी मंत्र्याने रेल्वेच्या भाड्यात ४० टक्के सवलतीचे तिकीट मिळवून दिले. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता अशी हजारो कामगार कुटुंबे त्या उन्हाळ्यात समुद्रकिनारी पोहोचली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी सुटीविषयीचा करार संमत केला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील चोविसाव्या कलमाने विश्रांती, फुरसत आणि पगारी सुटी हा प्रत्येक माणसाचा हक्क म्हणून नोंदवला. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. प्रवास ही श्रीमंतांची चैन आहे, ही समजूत श्रमिकांच्या चळवळीनेच मोडीत काढली आहे. म्हणून पर्यटनाचा विषय समाजवाद्यांना परका नाही.

परकीय चलनाची शाळा

भारतात मात्र या शिक्षणाचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. १९४५ साली सर जॉन सार्जंट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने प्रथम या देशातील प्रवासी वाहतुकीचा विचार केला. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण तीव्र झाली आणि परदेशी पाहुणा म्हणजे डॉलर व पौंड घेऊन येणारी व्यक्ती, हीच दृष्टी सरकारी धोरणात रुजली. १९६६ साली भारत पर्यटन विकास महामंडळ निघाले, १९७५ साली महाराष्ट्राचे महामंडळ निघाले. शिक्षणाची पावले याच धोरणामागून पडली.

त्यातील पहिले पाऊल मात्र आठवण ठेवण्यासारखे आहे. १९५४ साली मुंबईत अंधेरी येथे खाद्यव्यवस्थेचे शिक्षण देणारी जी संस्था सुरू झाली, ती लीलावती मुन्शी यांच्या नेतृत्वाखालील महिलांच्या अन्न परिषदेने काढली होती. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत जनतेला सकस आहार कसा मिळेल, ही तिची प्रेरणा होती. म्हणून अशा संस्थांच्या नावात 'उपयोजित पोषण' हे शब्द आले. नावात ते शब्द पुष्कळ वर्षे राहिले. अभ्यासक्रमाचा रोख मात्र पंचतारांकित हॉटेलांच्या भटारखान्याकडे वळला. १९८२ साली हॉटेल व्यवस्थापनाची राष्ट्रीय परिषद झाली, १९८३ साली पर्यटन व प्रवास व्यवस्थापनाची केंद्रीय संस्था झाली. १९९४-९५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीस्तरावर व्यावसायिक विषयांची योजना आणली. तिच्यात पर्यटन हा एक विषय होता. त्यानंतर गावोगावच्या महाविद्यालयांत या विषयाचे वर्ग निघाले, त्यांपैकी बरेच विनाअनुदानित, शिक्षक तासिका तत्त्वावर, आणि फी मात्र भरमसाट.

या वर्गांत काय शिकवले जाते? विमानाच्या तिकिटाची आकारणी, सहलीचा आराखडा, स्वागतकक्षातील संभाषण, ग्राहकाचे समाधान, विपणन. यांपैकी एकही गोष्ट निरुपयोगी नाही. परंतु विद्यार्थ्याला तीन वर्षे जे शिकवले जाते त्याचा केंद्रबिंदू पैसे देणारा पाहुणा असतो. ज्या गावात तो पाहुणा उतरतो त्या गावाचे पाणी, कचरा, जमिनीचे भाव, तेथील स्त्रियांचे श्रम, तेथील कामगाराचे किमान वेतन हे विषय आलेच तर एखाद्या प्रकरणाच्या शेवटी 'पर्यटनाचे परिणाम' या मथळ्याखाली परीक्षेपुरते येतात.

संकुचित शिक्षणाची शिक्षा विद्यार्थ्यालाच भोगावी लागते, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. २००२ साली रेल्वेचे आरक्षण इंटरनेटवर आले, पाठोपाठ विमानाचे आणि हॉटेलांचे आले. तिकीट काढून देण्याचे जे कसब म्हणून शिकवले जात होते ते प्रवाशाच्या हातातील फोनमध्ये गेले. आता संगणक सहलीचे आराखडेही बनवून देतो. केवळ आजच्या मालकाला आज हवे असलेले कौशल्य शिकवणारी पदवी उद्याच्या सकाळी शिळी होते. जे यंत्राला करता येत नाही, म्हणजे माणसांतील संबंध समजणे, स्थळाचा इतिहास व निसर्ग जाणणे, हितसंबंधांचा संघर्ष ओळखणे आणि त्यात न्यायाची बाजू घेणे, ते शिकवण्याचे स्थान विद्यापीठ हेच आहे. पर्यटन विद्यापीठात असावे याचे समर्थन याच आधारावर करता येते. अन्यथा सहा महिन्यांची कार्यशाळा पुरेशी आहे.

अतिथी कोण?

आपल्या देशात अतिथीला देव मानण्याचे वचन जाहिरातीच्या फलकांवर झळकते. या वचनाची दुसरी बाजू कोणत्याही पर्यटन-अभ्यासक्रमाच्या पहिल्या पाठात आली पाहिजे. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले. त्या शहरात त्यांना उतरायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही हाकलले. पुढे १९३४ साली ते आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी गेले. हौदावर हातपाय धुतले म्हणून तेथे गलका झाला, आणि किल्ला पाहायचा तर पाण्याला स्पर्श होणार नाही याची खबरदारी घेण्यासाठी बरोबर हत्यारी शिपाई देण्यात आला. हा प्रसंग पर्यटनाचाच प्रसंग आहे. देशातील एक थोर विद्वान प्रेक्षणीय स्थळ पाहण्यासाठी गेला होता, आणि प्रेक्षणीय स्थळ सर्वांचे नव्हते.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून दहा दिवस उपोषण केले. शेकडो मैल चालत येऊन ज्यांना बाहेरून कळसाचेच दर्शन घ्यावे लागत होते त्यांच्यासाठी ते दार उघडले. आपल्याकडील प्रवासाची सर्वांत मोठी लोकपरंपरा वारी ही आहे. लक्षावधी माणसे, शेकडो दिंड्या, मुक्कामांची आणि अन्नाची शिस्त, हे सारे कोणत्याही हॉटेलशाळेशिवाय चालत आले आहे. वारीची व्यवस्था हा व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने शिकावा असा विषय आहे. तद्वतच यात्रा पांगल्यावर चंद्रभागेचे वाळवंट कोणत्या जातीची माणसे साफ करतात, कोणत्या साधनांनी करतात, हाही विषय आहे. हाताने मैला उचलण्याच्या त्या प्रथेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. २३२ कोटी भेटींमध्ये यात्रेकरूंचा वाटा प्रचंड आहे. त्यांचा मुक्काम, त्यांची सुरक्षितता, त्यांच्यासाठी राबणारे हात यांचा अभ्यास गौण समजून परदेशी पाहुण्याची सरबराई मुख्य समजणारे शिक्षण पायाच चुकून उभे आहे.

गोव्याचा धडा

या चुकीची किंमत काय असते ते गोव्याने दाखवून दिले. १९७४ साली आग्वाद किल्ल्यापाशी पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. १९८३ साली राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांचा मुक्काम गोव्यात झाला आणि तेथून आलिशान पर्यटनाला सरकारी आशीर्वाद मिळाला. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवावा, असे पत्र पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ सालीच किनारी राज्यांना लिहिले होते. तरीही किनाऱ्याच्या जमिनीसाठी झुंबड उडाली. भाडोत्री विमाने दाबोळीला उतरू लागली. रापणकार मच्छीमाराची होडी ओढून ठेवण्याची जागा, ताडमाडांची बाग, गावची विहीर यांवर एकेक करून टाच आली. काही गावांत रहिवाशांना टँकरचे पाणी विकत घेण्याची वेळ आली आणि शेजारीच पोहण्याचे तलाव भरले जात होते.

याविरुद्ध १९८७ च्या सुमारास 'जागृत गोंयकारांची फौज' उभी राहिली. विमानातून उतरणाऱ्या पर्यटकांसमोर तिने निदर्शने केली. तेव्हा तिची चेष्टा झाली, विकासविरोधी म्हणून हेटाळणी झाली. परंतु तिने विचारलेले प्रश्न काय होते? या पर्यटनातून मिळणारा पैसा गावात किती राहतो आणि बाहेर किती जातो? पाणी कोणाचे? किनारा कोणाचा? गोव्याच्या तरुणाला यात मालकी मिळणार की केवळ गणवेश? हे प्रश्न शास्त्रीय आहेत. ते मांडण्यासाठी सामान्य माणसांना रस्त्यावर यावे लागले. पुढे २००६ च्या अखेरीस प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोव्यात पुन्हा जनआंदोलन झाले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. नकाशे वाचण्याचे, गटक्रमांक तपासण्याचे शिक्षण त्या वेळी गावकऱ्यांनी एकमेकांना दिले. व्हेनिसने २०२४ साली दिवसभरासाठी येणाऱ्या प्रवाशांवर प्रवेशकर बसवला आणि बार्सिलोनाचे नागरिक त्याच वर्षी घरभाडी परवडत नाहीत म्हणून पर्यटनाविरुद्ध रस्त्यावर आले, तेव्हा जगाला जो प्रश्न नवा वाटला तो गोवेकरांनी सुमारे सदतीस वर्षांपूर्वीच विचारला होता.

कोकण आज त्याच वळणावर उभे आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. येथे दोन वाटा स्पष्ट दिसतात. एक वाट अशी की, मुलगा शहरातील महाविद्यालयात फी भरून पर्यटनाची पदवी घेतो आणि बापाने विकलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या रिसॉर्टमध्ये नोकर म्हणून परततो. दुसरी वाट वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत दिसते. तेथे मच्छीमार कुटुंबांतील स्त्रियांचा 'स्वामिनी' बचत गट २०१७ पासून प्रवाशांना होडीतून कांदळवन दाखवतो. या स्त्रिया वल्हे स्वतः मारतात, झाडांच्या जाती ओळखून सांगतात, खाडीतील पक्षी दाखवतात. खाडी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती; शासनाच्या कांदळवन कक्षाच्या मदतीने त्यात वनस्पतिशास्त्राची भर पडली. मंडणगड तालुक्यातील वेळास गावात समुद्री कासवांची घरटी राखण्याचे काम निसर्गप्रेमी कार्यकर्त्यांनी २००२ च्या सुमारास सुरू केले. पुढे कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक येऊ लागले आणि गावकऱ्यांनी आपल्या घरांतच त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय केली. दोन्ही ठिकाणी ज्ञान, श्रम आणि मिळकत स्थानिकांच्याच हाती राहिली.

ही उदाहरणे लहान आहेत आणि त्यांचा डांगोरा पिटून मोठा प्रश्न झाकता येणार नाही. प्रवासी वाढले की बाहेरचे भांडवल येथेही येईल, आणि एखादा बचत गट एकटा त्याच्यापुढे टिकणार नाही. टिकायचे तर हिशेब, कायदा, सहकार आणि निसर्गाची धारणक्षमता यांचे ज्ञान त्यांना लागेल. ते देण्याची जबाबदारी विद्यापीठाची आहे.

शिकाऊ की फुकट कामगार?

या शिक्षणातील आणखी एका अन्यायाकडे आपल्या विद्यार्थी संघटनांचेही दुर्लक्ष झाले आहे. हॉटेल आणि पर्यटन शाखेच्या विद्यार्थ्यांना काही महिने प्रत्यक्ष कामासाठी पाठवले जाते. तत्त्वतः हे उत्तमच आहे. परंतु अनेक ठिकाणी होते असे की, लग्नसराईच्या आणि सुट्यांच्या हंगामात कायम कामगारांऐवजी हे विद्यार्थी दहा-बारा तास राबवले जातात. कांदे सोलणे, ताटे उचलणे, गाद्या घालणे हेच काम सलग करवून घेतले जाते, विद्यावेतन नाममात्र असते किंवा नसतेच, आणि प्रमाणपत्राची भीती घालून तोंड बंद ठेवले जाते. विद्यार्थी फीही भरतो आणि श्रमही फुकट देतो. शिवाय त्याच्या फुकट श्रमामुळे कायम कामगाराची मजुरी वाढत नाही. एकाच दगडात दोघांचे नुकसान साधणारी ही व्यवस्था आहे.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली, तेव्हा हस्तव्यवसायातून शिक्षण हे तिचे सूत्र होते. हाताने केलेल्या प्रत्येक कामाचे कारण विद्यार्थ्याला कळले पाहिजे, हा तिचा आग्रह होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात व्यवसायशिक्षणाचा आणि कार्यानुभवाचा मोठा उद्घोष आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय त्यात आहे. ही सोय गरिबाच्या मुलासाठी दार ठरेल की त्याला अर्ध्या वाटेवरून स्वस्त मजूर म्हणून बाहेर काढण्याची फट ठरेल, हे कागदावरील शब्दांवरून ठरणार नाही. त्यावर पहारा कोण ठेवतो यावर ते ठरेल.

एक स्मरण येथे उचित होईल. मुंबईच्या उडुपी हॉटेलांत कपबश्या विसळणारी कितीतरी मुले रात्रशाळांत शिकली. दिवसभर राबून रात्री कंदिलापुढे बसणाऱ्या त्या मुलांना शाळेने हॉटेलातील काम शिकवले नाही. ते त्यांना येतच होते. शाळेने त्यांना अक्षरे, हिशेब आणि आत्मसन्मान दिला. २००६ साली हॉटेले, ढाबे, रिसॉर्ट यांत मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी झाली. परंतु प्रौढ श्रमिकाला शिकण्याची ती संधी आज कोणते विद्यापीठ देते?

पुढची दिशा

केवळ टीका करून थांबणे योग्य होणार नाही. पर्यटनाचे शिक्षण बंद करा, अशी आपली मागणी असू शकत नाही. रोजगार हवा आहे, प्रवास हवा आहे आणि शिक्षणही हवे आहे. प्रश्न त्या शिक्षणाच्या रोखाचा आहे. तो बदलण्यासाठी काही निश्चित मागण्या घेऊन पुढे जावे लागेल.

पहिली मागणी अभ्यासक्रमाविषयी. प्रत्येक विद्यापीठातील पर्यटनविभागाने आपल्या क्षेत्रातील निदान एका पर्यटनस्थळाचा दरवर्षी जमाखर्च मांडावा. पैशाबरोबरच पाण्याचा, कचऱ्याचा, जमिनीच्या हस्तांतराचा आणि मजुरीचाही जमाखर्च त्यात हवा. तो मराठीत छापून त्या गावच्या ग्रामसभेपुढे वाचला जावा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात निर्णयाची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू करण्याचा जो आग्रह धरला होता, तो अशा माहितीशिवाय प्रत्यक्षात येऊ शकत नाही. कास पठारावर प्रवाशांच्या संख्येला मर्यादा घालण्यात आली आणि तिच्या व्यवस्थेत आसपासच्या गावांना स्थान मिळाले. अशी मर्यादा कोणत्या आधारावर ठरवावी, हे सांगणारे संशोधन विद्यापीठांतून आले पाहिजे.

दुसरी मागणी प्रवेशाविषयी. आज जे या क्षेत्रात राबत आहेत त्यांच्यासाठी विद्यापीठाचे दार उघडावे. होडीवाले, वाटाडे, चालक, घरगुती खानावळी चालवणाऱ्या स्त्रिया यांच्या अनुभवाला पात्रता मानावे, वर्ग बिगरहंगामात, म्हणजे पावसाळ्यात, तालुक्याच्या ठिकाणी आणि मराठीतून भरवावेत. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची रचना याच कामासाठी उपयोगी पडू शकते. २०२५ च्या जुलैमध्ये शिवकालीन व मराठेशाहीतील बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत. साल्हेर, राजगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांच्या पायथ्याशी जी गावे आहेत त्यांतील तरुण त्या किल्ल्यांचे अधिकृत भाष्यकार होतील की गाड्या लावण्याच्या जागेवर पावत्या फाडतील, हे येत्या काही वर्षांत ठरणार आहे. दगडन्‌दगड ओळखणारा तरुण केवळ इंग्रजी येत नाही म्हणून मागे पडू नये. त्याला इतिहासाची साधने तपासून बोलण्याची शिस्त आणि परकी भाषा, दोन्ही मिळाली पाहिजेत.

तिसरी मागणी श्रमाविषयी. प्रशिक्षणाच्या काळात किमान विद्यावेतन, आठ तासांची मर्यादा, आठवड्याची सुटी, मुलींच्या सुरक्षिततेची हमी आणि तक्रार ऐकणारी स्वतंत्र समिती यांशिवाय कोणत्याही महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना कोणत्याही आस्थापनेत पाठवू नये. कामगार कायदा हा या पदवीतील अनिवार्य विषय असावा. व्यवस्थापक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला खोलीचे भाडे ठरवता येते आणि खोली झाडणाऱ्या बाईचे किमान वेतन ठाऊक नसते, ही स्थिती लाजिरवाणी आहे.

चौथी मागणी प्रवासाच्या हक्काविषयी. शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांना पगारी सुटी हा शब्दही अनोळखी आहे. ऊसतोड कुटुंब वर्षातील सहा महिने प्रवासात असते. परंतु त्याला कोणी पर्यटक म्हणत नाही. त्यांच्या मुलांनी अजिंठ्याची लेणी का पाहू नयेत? स्वित्झर्लंडमधील कामगारांसाठी १९३९ साली जे करता आले त्याची आपल्या परिस्थितीला साजेशी योजना आखणे हा आपल्या विद्यापीठांपुढील संशोधनाचा विषय झाला पाहिजे. सहकाराची मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात असा प्रवासनिधी अशक्य नाही.

या मागण्या आपोआप मान्य होणार नाहीत. २०२४ च्या महाराष्ट्र पर्यटन धोरणाने दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. गुंतवणूक करणारे आपले म्हणणे मंत्रालयात मांडतीलच. त्या १८ लाखांच्या वतीने कोण बोलणार? विद्यापीठांच्या अधिसभांत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात. आपले कार्यकर्ते तेथे आहेत. अभ्यासमंडळावर उद्योगाचा प्रतिनिधी बसू शकतो, तर हॉटेल कामगारांच्या संघटनेचा, मच्छीमार सोसायटीचा, वाटाड्यांचा प्रतिनिधी का बसू नये, हा प्रश्न त्यांनी पुढच्या बैठकीत विचारावा. विद्यार्थी संघटनेने आपल्या जिल्ह्यातील प्रशिक्षणार्थींच्या तासांची आणि विद्यावेतनाची पाहणी या हंगामातच करावी. कोकणातील साथींनी एका तरी गावाचा पाण्याचा आणि जमिनीचा हिशेब स्वतः मांडून जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांपुढे ठेवावा. विद्यापीठ हलत नसेल तर त्याला हलवण्याचे काम अशाच एका कागदापासून सुरू होते.

प्रवासाला निघालेला माणूस आणि त्याला घरात घेणारा माणूस, दोघेही ताठ मानेने एकमेकांकडे पाहू शकतील, असे संबंध घडवणे हे या विद्येचे प्रयोजन आहे. सेंट गालेनच्या प्राध्यापकाने ते एका शब्दात सांगितले होते आणि वेंगुर्ल्याच्या खाडीत वल्हे मारणाऱ्या स्त्रिया ते रोज करून दाखवत आहेत. आपल्या विद्यापीठांनी या दोघांकडूनही शिकावे, आणि ते शिकेपर्यंत आपण स्वस्थ बसू नये, एवढेच सांगणे आहे.